विश्लेषण : गीझरची टाकी वाचवणाऱ्या ‘रॉड’मागे कोणाचे डोके?

साठवणीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. पाणी तापवण्याशी त्याचा संबंध नसतो. पोलादी टाकीऐवजी स्वतः झिजणे, एवढेच त्याचे काम. त्यामागचे तत्त्व २०० वर्षांपूर्वी सर हम्फ्री डेव्ही यांनी मांडले. पण त्याच प्रयोगाने त्यांच्या पदरी टीका आली.

डेव्ही कोण होते?

इंग्लंडमधील पेन्झान्स येथे १७ डिसेंबर १७७८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. त्यांच्या निधनानंतर डेव्ही एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले. १८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. त्यांची व्याख्याने ऐकायला गर्दी लोटे. विजेच्या साह्याने त्यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम व सोडियम, तर १८०८ मध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम वेगळे केले. १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला, त्याचे पेटंट मात्र घेतले नाही. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

जहाजांचा प्रश्न काय होता?

ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. समुद्राच्या पाण्यात ते झिजत. डेव्ही यांनी १८२४ मध्ये उपाय सुचवला : तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा. हे धातू तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने आधी तेच झिजतात आणि तांबे वाचते.

मग फसले कुठे?

तांबे खरोखरच झिजेनासे झाले. पण झिजणाऱ्या तांब्याचे विषारी क्षारच शेवाळ व शिंपल्यांना दूर ठेवत होते. ते थांबताच तळावर त्यांचे थर चढले, जहाजांचा वेग मंदावला. नौदलाने तुकडे काढून टाकले. डेव्ही यांच्या जिव्हारी ही टीका लागली. पुढे प्रकृती ढासळली आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वयाच्या पन्नाशीतच त्यांचे निधन झाले.

आज उपयोग काय?

तत्त्व चुकले नव्हते. आज जहाजे, भूमिगत पाइपलाइन आणि गीझर यांचे रक्षण त्याच तत्त्वाने होते. गीझरमधील रॉडचा धातूही डेव्ही यांनीच वेगळा केलेला, हा योगायोग.

घरी काय करावे?

रॉड पूर्ण संपला की गंज टाकीकडे वळतो. टाकी गळू लागली की बहुधा नवा गीझरच घ्यावा लागतो. म्हणून वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून रॉड तपासावा आणि तो बराच झिजला असेल तर बदलावा. बोअरचे जड पाणी असल्यास हीटिंग एलिमेंटवरील क्षारांचा थरही त्याच वेळी काढून घ्यावा. काम सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून पाणी थंड होऊ द्यावे. झिजलेला रॉड हा बिघाड नव्हे. टाकीचा गंज त्याने स्वतःवर घेतल्याची ती खूण आहे.