दुष्काळ मागावा काय? ओंगोलचे क्लौ साहेब यांचे चरित्र

खेडोपाडीच्या आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेच्या समयी कधी कधी एक मागणे ऐकू येते. गावाने वर्षानुवर्षे शुभवर्तमान ऐकले, पण कोणी वळले नाही, भाऊबंद हसतात, वाड्यावरचे लोक उपदेशकाला ओट्याखालीच उभे करितात. तेव्हा एखादा कळकळीचा बंधू गुडघे टेकून असे मागतो की, देवाने या गावावर काही संकट पाठवावे, म्हणजे यांचा गर्व मोडेल व हे प्रभूच्या पायांशी येतील. असे मागणारा मनुष्य दुष्ट नसतो. शेजाऱ्याचे तारण व्हावे हीच त्याची इच्छा असते. तथापि हे मागणे ख्रिस्ताच्या शिष्याला शोभते की नाही, हा प्रश्न राहतोच.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आपल्याला चांगलीच परिचयाची आहे. तुमचे आजेपणजे दुष्काळात भाकरीसाठी बाटले, असा टोमणा आपल्यापैकी कोणी ऐकला नाही? संकटाने विश्वास उत्पन्न होतो असे आपण प्रार्थनेत म्हणू लागलो, तर हा टोमणा आपण आपल्याच तोंडाने खरा केला असे होईल. या दोन्ही गोष्टींवर ज्याच्या चरित्राने उजेड पडतो अशा एका देवसेवकाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते तेलुगू देशातील ओंगोलचे मिशनरी जॉन एव्हरेट क्लौ साहेब होत.

क्लौ साहेबांचा जन्म १८३६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात झाला. घरची माणसे शेतकरी. ती पुढे पश्चिमेकडे आयोवा प्रांतात जाऊन राहिली. तरुणपणी जॉनने मिनेसोटाच्या रानात सरकारी जमीन मोजणीच्या टोळीत काम केले. साखळी ओढणे, उन्हाथंडीत तंबूत राहणे, मजुरांबरोबर वागणे हे त्याने तेथे शिकून घेतले. या शिक्षणाचा देव पुढे कोठे उपयोग करणार आहे, हे त्या वेळी त्याला ठाऊक नव्हते. वकील व्हावे असे मनात धरून तो बर्लिंग्टन येथील विद्यालयात गेला. परंतु तेथेच प्रभूने त्याला गाठले, आणि वकिलीचा बेत मागे पडून मिशनकार्याची ओढ लागली. १८६४ साली अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनने त्याची नेमणूक केली व १८६५ मध्ये तो पत्नीसह नेल्लोर येथे पोहोचला.

त्या मिशनची स्थिती त्या काळी फार दुबळी होती. सॅम्युएल डे साहेबांनी १८३६ साली तेलुगू लोकांत काम सुरू केले होते, पण इतक्या वर्षांत फळ मूठभरच दिसत होते. हे काम बंद करावे काय, असा विचार अमेरिकेत एकदाच नव्हे तर अनेकदा झाला. नकाशावर त्या बाजूला एकच ठाणे असल्यामुळे लोक त्याला एकटा तारा म्हणत. अशा निराशेच्या दिवसांत, १ जानेवारी १८५४ रोजी पहाटे, नेल्लोरचे ज्यूएट साहेब, त्यांची पत्नी व दोनतीन तेलुगू ख्रिस्ती माणसे ओंगोल गावाबाहेरच्या टेकडीवर चढली. खाली पसरलेली गावे पाहून त्यांनी तेथे प्रार्थना केली. त्या टेकडीला पुढे प्रार्थनेची टेकडी असेच नाव पडले. त्यांनी त्या दिवशी काय मागितले, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. या गावांवर आपत्ती यावी असे त्यांनी मागितले नाही. ओंगोलसाठी एक कामकरी पाठीव, एवढेच त्यांचे मागणे होते. बारा वर्षांनी, १८६६ साली, क्लौ साहेब ओंगोलास राहावयास आले, तेव्हा त्या मागणीचे उत्तर मिळाले.

त्याच वर्षी येर्रागुंटला पेरय्या नावाचा मादिग जातीचा एक मनुष्य व त्याची पत्नी नागम्मा यांचा बाप्तिस्मा झाला. मादिग लोक चामड्याचे काम करीत, गावाच्या शिवेबाहेर राहत, आणि गावकीचा सारा भार वाहत. पेरय्या हा पूर्वीपासूनच सत्य देवाच्या शोधात असलेला पुरुष होता. त्याला प्रभूकडे आणावयास दुष्काळ किंवा महामारी लागली नाही. तो तहानलेला होता व पाणी सापडताच प्याला. १ जानेवारी १८६७ रोजी आठ सभासदांची ओंगोलची मंडळी स्थापन झाली, आणि पेरय्यासारख्या माणसांच्या पायी हिंडण्याने वार्ता गावोगाव पसरली.

आरंभीच एक कसोटी आली. ओंगोलच्या उच्चवर्णीय गृहस्थांची मुले साहेबांच्या शाळेत येत असत. मादिगांना मंडळीत घेऊ लागताच त्या गृहस्थांनी कळविले की, या लोकांना घ्याल तर आम्ही येणार नाही. क्लौ साहेब चिंतेत पडले. असे सांगतात की, ते व त्यांची पत्नी वेगवेगळ्या खोल्यांत प्रार्थनेस बसली असता दोघांच्याही हाती करिंथकरांस पहिल्या पत्राचा पहिला अध्याय आला, ज्यात देवाने जगातील दीनांस निवडले असे पौल सांगतो. त्यांनी निर्णय केला. शाळा ओस पडली तरी चालेल, पण दार दीनांना बंद व्हावयाचे नाही. अशा रीतीने दहा वर्षांत हजारो माणसे मंडळीत आली, आणि तीही दुष्काळ पडण्यापूर्वी.

मग १८७६ साल उजाडले. पाऊस गेला. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचे राज्य आणि आपल्याकडील सोलापूर, नगर, पुणे, सातारा हे जिल्हे एकाच दुष्काळात सापडले. तो १८७८ पर्यंत चालला व त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे भुकेने व रोगाने गेली. त्यात केवळ आभाळाचाच दोष नव्हता. धान्य परदेशी जातच राहिले, भाव कडाडले, आणि १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य व वर एक आणा इतकी खाली आणली. ज्यांची कोठारे भरलेली होती त्यांना त्या भावांनी धनच मिळाले. मेले ते शिवेबाहेरचे, मोलमजुरीचे, ज्यांच्या मडक्यात दुसऱ्या दिवसाचे पीठ नव्हते ते. संकट मागणाऱ्या बंधूने येथे थांबून विचार करावा. वाड्यावरच्या धन्याचा गर्व मोडावा म्हणून तो दुष्काळ मागतो. पण दुष्काळ वाड्यापाशी पोहोचण्यापूर्वी झोपडीतले मूल घेऊन जातो. आणि त्या झोपड्यांत प्रभूची माणसेही राहतात. ज्या उन्हाने अविश्वासी माणसाचे शेत जळते, त्याच उन्हाने विश्वासी माणसाचेही जळते.

क्लौ साहेबांनी त्या दिवसांत काय केले? मद्रासच्या किनाऱ्याने जाणारा बकिंगहॅम कालवा दुष्काळी काम म्हणून खोदला जात होता. इतर ठिकाणी मुकादम भुकेल्या मजुरांना नाडीत, असे साहेबांच्या कानी आले. म्हणून त्यांनी स्वतःच साडेतीन मैलांच्या कालव्याचा मक्ता घेतला. मिनेसोटाच्या रानातली मोजणीची विद्या येथे कामी आली. आपल्या उपदेशकांनाच त्यांनी मुकादम केले. हजारो स्त्रीपुरुष टोपल्या घेऊन आले. त्यांना झोपड्या, पाणी व वेळेवर मजुरी मिळू लागली. छावणीत पटकी शिरली तेव्हा साहेब व उपदेशक रोग्यांत फिरत राहिले. दुपारच्या विसाव्यात उपदेशक मजुरांपाशी बसत, आणि कष्टी व भाराक्रांत जनांस विसावा देणाऱ्या प्रभूचे नाव सांगत. ऐकणारे त्याच मातीत बसलेले असत व सांगणाऱ्याचे हातही त्याच मातीने भरलेले असत.

आता या चरित्रातील मुख्य गोष्ट. त्या छावणीत बाप्तिस्मा मागणारे पुष्कळ निघाले, परंतु साहेबांनी तो दिला नाही. सुमारे पंधरा महिने त्यांनी बाप्तिस्म्याचे दार बंद ठेविले. ज्या मनुष्याच्या मनात माणसे मिळविण्याचा लोभ असता, त्याला याहून सोयीची वेळ आली नसती. पण भुकेला मनुष्य भाकर देणाऱ्याला कोणत्याही गोष्टीस होकार देतो, आणि तो होकार विश्वास की पोट, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, हे साहेब जाणून होते. भाकर त्यांनी सर्वांना दिली. तिच्या बदल्यात धर्म घेतला नाही.

१८७८ च्या जूनमध्ये साहाय्याचे काम संपत आले. साहेबांनी आपल्या लोकांस ओंगोलच्या उत्तरेस गुंडलकम्मा नदीकाठी वेल्लुमपिल्ली येथे बोलाविले. तेथे मोठा समुदाय जमला. आता पैसा नाही, काम नाही, असे त्यांस सांगितले तरी ते गेले नाहीत. त्यांना पैसा नको होता, बाप्तिस्मा पाहिजे होता. तेव्हा उपदेशकांनी आपापल्या गावच्या माणसांची चौकशी केली. ज्यांची खात्री पटली नाही त्यांना थांबविले. ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. तो तेलुगू उपदेशकांच्याच हातून झाला; एका वेळी दोघे नदीत उभे राहत व थकले म्हणजे दुसरे दोघे उतरत. जूनच्या मध्यापासून जुलैअखेर ही संख्या ८,६९१ झाली. ज्या मिशनला एकटा तारा म्हणत, त्याची ओंगोल मंडळी जगातील सर्वांत मोठ्या बॅप्टिस्ट मंडळ्यांत गणली जाऊ लागली.

येथे कोणी म्हणेल की, मग दुष्काळानेच हे झाले ना? आम्हांस तसे वाटत नाही. तोच दुष्काळ सर्व दक्षिणेत पडला होता. जेथे केवळ भूक होती तेथे केवळ मरण झाले. गुंडलकम्मेकाठी माणसे आली ती भुकेच्या मागून नव्हे. भुकेत जे त्यांच्यापाशी बसले त्यांच्या मागून ती आली. पेरणी दहा वर्षांपूर्वी झाली होती, आणि टेकडीवरची प्रार्थना त्याहूनही बारा वर्षे आधीची होती. दुष्काळ हा शत्रू होता. देवाने शत्रूच्या हातूनही भले घडविले, हे त्याचे सामर्थ्य होय. म्हणून शत्रूला बोलवावे असे होत नाही. योसेफाला भावांनी विकले व त्यातून देवाने पुष्कळांचे प्राण वाचविले. म्हणून भाऊ विकावा असे कोणी शिकवीत नाही.

शास्त्र जाणणारा बंधू स्तोत्रांकडे बोट दाखवील. देवाचे नाम शोधावे म्हणून शत्रूंची तोंडे लज्जेने भरावीत, असे त्र्याऐंशीव्या स्तोत्रात मागितले आहे. आणि पीडित झाल्याने माझे बरे झाले, असे एकशे एकोणिसाव्यात आहे. हे खरे आहे. परंतु दुसरे वचन ज्याने पीडा सोसली त्याच्या स्वतःच्या तोंडचे आहे. स्वतःच्या दुःखाविषयी असे म्हणावयाचा अधिकार प्रत्येकाला आहे, शेजाऱ्याच्या दुःखाविषयी नाही. पहिले स्तोत्र लढाईने वेढलेल्या राष्ट्राचा आक्रोश आहे. आपण मात्र त्या प्रभूचे शिष्य आहो, ज्याने शोमरोनी गावावर अग्नी मागणाऱ्या याकोब व योहान यांस धमकाविले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही दूर देशी दुष्काळ पडला खरा. पण तो बापाने मागितला होता असे प्रभू सांगत नाही. बाप वाटेकडे पाहत होता, आणि घरात भाकर तयार होती.

क्लौ साहेबांवर पुढे टीकाही झाली. इतक्या लोकांना इतक्या लवकर घेऊ नये होते, असे कित्येक मिशनऱ्यांनी म्हटले. आणि हजारोंना शिकविण्यास शिक्षक अपुरे पडले, हेही खरे. साहेबांनी उरलेले आयुष्य शाळा काढण्यात व उपदेशक तयार करण्यात घालविले. १९०५ च्या सुमारास ते थकून ओंगोलाहून निघाले व नोव्हेंबर १९१० मध्ये अमेरिकेत प्रभूमध्ये निजले.

आपल्या महाराष्ट्रातही याच वाटेने चाललेली एक साक्षी आहे. ज्यांनी तरुणपणी उपासमारीत आईबाप गमाविले, त्या पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो मुली वाचवून घेऊन आल्या. भूक काय असते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी भूक मागितली नाही. त्या भुकेल्यांकडे गेल्या.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, गावासाठी काय मागावे? टेकडीवरच्या माणसांनी मागितला तसा कामकरी मागा. गावाच्या शेतांवर पाऊस मागा, वाड्याच्या आणि झोपडीच्याही. आणि संकट न बोलाविता आलेच, तर ते फुकट जाऊ नये, आणि त्या दिवशी आपण घरात लपून राहू नये, असे मागा. आजाऱ्याच्या अंथरुणापाशी बसून ही देवाची शिक्षा आहे असे सांगू नका. पाणी द्या, पाय चेपा, मग प्रभूचे नाव सांगा. अडचणीत सापडलेल्याने घाईने बाप्तिस्मा मागितला तर त्याला साहाय्य आजच करा, पण बाप्तिस्म्यासाठी थोडे थांबू द्या. आणि तुमचे वाडवडील भाकरीसाठी आले असे कोणी म्हटले, तर लाजू नका व रागावूही नका. भाकर देणारा कोणी त्यांना भेटला व त्याच्या ठायी त्यांनी प्रभूला ओळखले, तर त्यात लाज कसली? ते कसे आले याचे उत्तर शेवटी आपल्या आजच्या चालीनेच द्यावयाचे आहे: शेजाऱ्याच्या घरी चूल पेटली नाही, तर आपल्या चुलीवरची भाकर तेथे पोहोचते की नाही.