कुंडीतला एक वाटाणा

मार्च उजाडला की आमच्या आष्टीत जिथे ऊन तिथे वाळवण दिसतं. गच्चीवर, अंगणात, पत्र्यावर, बाजेवर. (आमची आष्टी म्हणजे बीड जिल्ह्यातली नव्हे हं, जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली.) मी इथल्या दोन-तीन बचत गटांचं काम बघते. त्यातल्या एका ताईंच्या हातच्या कुरडया म्हणजे काय सांगू! पांढऱ्याशुभ्र, हलक्या, तळल्या की दुप्पट फुलणाऱ्या. यंदा त्यांच्या लेकीने मोबाइलवर फोटो काढून जालन्याच्या चार ओळखीच्या बायकांना पाठवला. ऑर्डर एकही आली नाही. एकीने तर उलट विचारलं की यातलं विकायचं नेमकं काय आहे?

मी फोटो पाहिला आणि मलाही हसू आलं. फोटोत बाज होती, प्लास्टिकची बादली होती, तीन चपला होत्या, दोरीवर आजोबांचं धोतर वाळत होतं, मागे शेळीचं अर्धं तोंड होतं. आणि कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, कुरडया होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी दारापाशी बसलो. एक काळं घोंगडं अंथरलं, त्यावर दहा कुरडया मांडल्या. दारातून एका बाजूने ऊन येत होतं, दुसऱ्या बाजूला सावली पडत होती, म्हणून मी सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरून उभी राहिले. चादरीवरून उजेड परतला आणि सावली निवळली. मग दहाच्या पाच केल्या, पाचाच्या तीन. शेवटी एकच ठेवली. त्या एका कुरडईची तार न् तार दिसायला लागली. लेक खूश! तिने विचारलं, काकू, हे तुम्ही कुठे शिकलात? मी म्हटलं, दादासाहेब फाळक्यांकडून. ती म्हणाली ते तर सिनेमावाले. आणि एका वाटाण्याची गोष्ट मला तिला सांगावी लागली. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हालाही सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलाने शास्त्री व्हावं असं घरचं वातावरण, पण मुलाचा जीव चित्रांत. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याला गेला आणि सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकला. तिथेच कॅमेऱ्याशी गाठ पडली. फोटो काढणं, काचा धुणं, ब्लॉक बनवणं, सगळं त्याने स्वतःच्या हाताने शिकून घेतलं. माणूस असा की हाती घेतलेलं काम मुळापासून समजल्याशिवाय सोडायचा नाही.

मग गोध्र्याला फोटोचा धंदा टाकला. तो जरा बसतो न बसतो तोच १९०० च्या सुमारास प्लेग आला आणि पहिली पत्नी व मूल दोघंही गेली. भरलं घर रिकामं झालं. पुन्हा बडोद्याला येऊन फोटोचं दुकान मांडलं तर तिथे अफवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की माणूस मरतो. गिऱ्हाईक येईना. या माणसाने काय काय केलं नाही! नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही केले. फाळके हे नाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादू दाखवायचे.

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. लग्नानंतर पत्नीचं नाव सरस्वती ठेवलं. हे नाव लक्षात ठेवा, कारण गोष्ट खरी तिच्यापाशी येऊन थांबणार आहे.

१९०३ मध्ये फाळक्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी मिळाली. पगाराची, इभ्रतीची नोकरी. पण स्वदेशीचे वारे वाहू लागले तशी ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं कामही त्यांनी केलं. आपल्या आज्यांच्या देवघरात हत्ती, कमळं, दागिने यांनी गच्च भरलेली लक्ष्मीची चित्रं असायची ना, ती ही दुनिया. पुढे छापखाना दादरला आला, १९०९ मध्ये ते रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटलं नाही आणि चाळिशीच्या माणसाने चालता धंदा सोडला. पदरात लहान मुलं, हातात काही नाही.

अशा दिवसांत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि यांना मनात राम-कृष्ण दिसत होते. सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो खेळ दाखवला. झालं! वेड लागलं. रोज संध्याकाळी सिनेमा, रात्रभर जागून प्रयोग. घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या गेल्या. डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टीच गेली. चित्रकार, छायाचित्रकार माणूस, आणि डोळे नाहीत! विचार करा त्या घरातल्या बाईच्या जिवाचं काय झालं असेल. नशिबाने उपचार लागू पडले आणि दृष्टी परत आली.

शहाण्या माणसाने इथे तरी थांबायचं की नाही? यांनी विम्याच्या पॉलिश्या गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे सिनेमाचं तंत्र समजून घेतलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि १ एप्रिलला परत आले.

कॅमेरा आला, पण सिनेमा काढायला भांडवल कुठून आणणार? सावकार काय बघून पैसे देणार? त्यांना काहीतरी करून दाखवायला हवं होतं. नट नव्हते, पोशाख नव्हते, मंडप नव्हता. तेव्हा फाळक्यांनी काय निवडलं? राजवाडा नाही, देव नाही, देखणा माणूससुद्धा नाही. त्यांनी एका कुंडीत एक वाटाणा पेरला.

कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ, थोडी थोडी करत, त्याची चित्रं घेतली. सिनेमाची पट्टी म्हणजे शेवटी एकामागून एक लावलेले फोटोच. महिनाभर घेतलेले हे फोटो पडद्यावर भराभर फिरवले की पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत माती फुटते, अंकुर मान वर काढतो, पानं उलगडतात, वेल चढायला लागते. आपल्याला रोज पाहूनही न दिसणारी गोष्ट जेमतेम मिनिटभरात दिसते. ‘अंकुराची वाढ’ असं त्या लहानशा चित्रफितीचं नाव.

आता जरा गृहिणीच्या डोळ्यांनी पाहू या. हे काम किती अवघड! कुंडी इंचभर सरकली की चित्र उडी मारणार. कॅमेऱ्याला धक्का लागला की सगळं मुसळ केरात. एखाद दिवशी मागे दुसरंच काही आलं, उजेड बदलला, तर ते लगेच खटकणार. म्हणून अशा चित्रात जितक्या कमी वस्तू तितकं बरं. एक कुंडी, एक रोप, मागे मोकळी जागा. घरात लेकरं खेळत असताना महिनाभर ती कुंडी कोणी हलवू दिली नसेल? सावकार पैसे देईपर्यंत त्या घराची सगळी आशा त्या एका वाटाण्यावर होती. रोप मेलं असतं तर? मला वाटतं, त्या महिन्यात त्या कुंडीची काळजी पोटच्या पोरासारखी घेतली गेली असणार.

वाटाणा उगवला. तो पाहून पैसे देणारे पुढे आले. तरीही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

आणि दागिन्यांपाशीच त्यांचं काम संपलं नाही. त्या काळी फिल्मच्या कडेला छिद्रं पाडलेली नसायची. ती छिद्रं यंत्राच्या दात्यांत बसतात म्हणून फिल्म पुढे सरकते, आणि उजेड लागला तर फिल्म जळते, म्हणून ती अंधारातच पाडावी लागत. घरातलं सगळं आवरलं की सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून छिद्रं पाडायच्या. फिल्म धुवायच्या, त्यासाठीची रसायनं तयार करायच्या. ‘राजा हरिश्चंद्र’चं काम दादरला सुरू झालं तेव्हा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. आणि दिवसा चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून.

हो, पांढऱ्या चादरी. माझ्या हातातली चादर कुठून आली ते आता कळलं ना?

बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, तेव्हा तारामतीचं काम सरस्वतीबाईंनीच करावं असंही फाळक्यांच्या मनात आलं. त्यांनी नकार दिला. एवढं सगळं सांभाळून त्या पडद्यावर कधी उभ्या राहणार? शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके, खानावळीत काम करणारे एक पुरुष! रोहिदासाच्या कामाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो.

त्यानंतर मंडळी नाशिकला आली. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई यांनी काम केलं आणि पडद्यावर पहिल्यांदा खऱ्या बायका दिसल्या. ‘लंकादहन’ आला, ‘श्रीकृष्णजन्म’ आला. ‘कालियामर्दन’ मध्ये फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. एवढ्या मोठ्या पौराणिक चित्रांच्या गर्दीतही त्यांनी साध्या वस्तू सोडल्या नाहीत. आगपेटीतल्या काड्या घेऊन त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ ही छोटी फिल्म केली, नाण्यांची नक्षी हलवून ‘लक्ष्मीचा गालिचा’ केला. काडी आणि नाणं! आपल्या फडताळात आणि बटव्यात असणाऱ्याच या वस्तू.

पुढचं आयुष्य मात्र सोपं गेलं नाही. १९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, पण मतभेद झाले. रागाने ते कुटुंबासह काशीला जाऊन राहिले, तिथे नाटक लिहिलं, पुन्हा परतले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाचे दिवस सरले. कोल्हापूरला केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ साल उजाडावं लागलं. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जाल तेव्हा नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याचं त्यांचं स्मारक जरूर पाहा.

एवढी गोष्ट सांगून झाली तेव्हा आमच्या ताई गप्प बसून होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, त्या वाटाण्याच्या फिल्ममध्ये त्या बाई कुठे दिसतात का?

मी काय उत्तर देणार? नाही दिसत. ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही नाही दिसत. चादर धरणारी चौकटीबाहेरच असते, ती चौकटीत आली तर फोटो बिघडतो. फाळक्यांनी आपल्याला दाखवलं की चित्रात नको ते काढून टाकलं की साधा वाटाणासुद्धा राजासारखा दिसतो. हे शिकण्यासारखंच आहे, मीही शिकले. पण चित्रातून वगळणं वेगळं आणि नावातून वगळणं वेगळं, आणि इथेच आपली गल्लत होते.

ते बोलता बोलता माझं लक्ष कुरडयांच्या पाकिटाकडे गेलं. त्यावर गटाचं नाव होतं, वजन होतं, किंमत होती. संपर्काला नंबर होता तो ताईंच्या मालकांचा. भल्या पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवणाऱ्या, सोऱ्या दाबून खांदे दुखवून घेणाऱ्या ताईंचं नाव मात्र कुठेच नव्हतं. आणि खरं सांगते, त्या पाकिटाचा मजकूर मीच लिहून दिला होता. इतकी वर्षं बायकांचं काम करते म्हणून मिरवणारी मी, माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

नवीन पाकिटं आता छापून आली आहेत. वर एकाच कुरडईचा फोटो आहे, काळ्या घोंगड्यावरचा. खाली ताईंचं नाव आहे आणि त्यांचाच नंबर. पहिला फोन आला तेव्हा त्या इतक्या गडबडल्या की फोन आधी मालकांच्याच हातात देत होत्या. लेकीने तो परत त्यांच्या कानाला लावला.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा वाळवणाचा, रांगोळीचा, शिवलेल्या झबल्याचा फोटो काढाल तेव्हा बादली, चपला, दोरी सगळं बाजूला सारा. एका बाजूने उजेड घ्या, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरा. आणि चादर जिने धरली, तिचं नाव तेवढं खाली लिहायला विसरू नका.