जेम्स वेल्स : भग्न वास्तूंचे चित्रकार

मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटात मंडपेश्वर म्हणून स्थान आहे. तेथे खाली प्राचीन शिवलेणे असून माथ्यावर पोर्तुगीजांच्या मठाच्या भग्न भिंती उभ्या आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्या लेण्यातच ख्रिस्तमंदिर केले होते. साष्टी मराठ्यांच्या हाती आल्यावर ते ओसाड पडले. ज्या चित्रकाराने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे या प्रांतातील प्राचीन लेण्यांची चित्रे काढण्यात वेचली, त्यांची ओळख आम्ही आज बालवाचकांस करून देतो.

जेम्स वेल्स यांचा जन्म इ. स. १७४७ मध्ये स्कॉटलंडातील पीटरहेड येथे झाला. तसबिरी रंगवून ते चरितार्थ चालवीत. १७९१ मध्ये ते मुंबईस आले. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने त्यांचा पेशवे दरबारी प्रवेश झाला. सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची तसबीर त्यांनीच रंगविली. शनिवारवाड्यात निघालेल्या चित्रशाळेशीही त्यांचे नाव निगडित आहे. तेथील गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची सुरेख चित्रे काढली.

परंतु वेल्स यांचे मन दरबारापेक्षा लेण्यांत अधिक रमले. ऊन, पाऊस व रानातील रोगराई यांची तमा न बाळगता ते डोंगर चढत. हे काम चालू असतानाच १७९५ च्या नोव्हेंबरात ठाणे येथे त्यांचा अंत झाला. आपल्या चित्रांचे पुस्तक त्यांच्या दृष्टीस पडले नाही.

तथापि ते काम बुडाले नाही. त्या काळी धातूच्या पत्र्यावर चित्र कोरीत, त्यात शाई भरीत आणि कागद दाबून अनेक प्रती काढीत. मुंबई व आसपासच्या बारा दृश्यांचा त्यांचा संग्रह १८०० मध्ये निघाला. वेरूळची चोवीस चित्रे टॉमस डॅनिएल यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. पुणे दरबाराचे अपुरे चित्रही त्यांनीच १८०५ मध्ये पुरे केले.

हिंजवडीच्या मुलांस कार्ल्याची लेणी व शनिवारवाडा दूर नाहीत. तेथे जाल तेव्हा भिंतीवर आपले नाव कोरू नका. वही काढा आणि जे दिसते ते नीट रेखाटा. आरंभिलेले काम मनापासून केले असेल, तर ते पुरे करणारा कोणीतरी मागून येतोच, हे वेल्स यांच्या चरित्रावरून आपण शिकावे.