डिग्री मेडिकलची, हात चित्रकाराचा

डिग्री एकीकडे आणि मन दुसरीकडे, हा विषय हॉस्टेलवर आठवड्यातून एकदा तरी निघतोच. अशा वेळी मला कास्तेलाओ आठवतो.

स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसिया नावाचा प्रदेश आहे. तिथल्या रियांशो या समुद्रकाठच्या गावात १८८६ साली आल्फोन्सो कास्तेलाओचा जन्म झाला. पोटासाठी तिथली माणसं बोटीनं अर्जेंटिनाला जायची. त्याचे वडीलही गेले, आणि त्याच्या लहानपणाची काही वर्षं तिकडेच गेली. तिथल्या एका साप्ताहिकातल्या व्यंगचित्रांनी त्याला वेड लावलं.

परत येऊन त्यानं मेडिकल पूर्ण केलं, पण प्रॅक्टिस थोडीच केली. १९१४ मध्ये डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशननं थोडं दिसू लागलं, पण नजर कायमची अधू राहिली. १९१६ साली त्यानं पोन्तेवेद्रा शहरात सांख्यिकी खात्यात साधी सरकारी नोकरी धरली आणि उरलेला वेळ चित्रांना दिला.

आधी तो माणसांची टिंगल करणारी व्यंगचित्रं काढायचा. हळूहळू त्यातलं हसू कमी झालं. 'नोस', म्हणजे 'आम्ही', या मालिकेत गरीब शेतकरी आहेत, आंधळे आहेत, गाव सोडून निघालेले लोक आहेत. रेषा अगदी मोजक्या आणि खाली एखादं वाक्य. तेही गॅलिशियन भाषेत, जी तेव्हा खेडवळ समजली जायची.

१९२८ मध्ये त्याचा चौदा वर्षांचा एकुलता मुलगा गेला. पुढच्या वर्षी तो बायकोबरोबर फ्रान्समधल्या ब्रिटनीत गेला आणि तिथल्या दगडी क्रुसांची चित्रं काढत बसला.

१९३६ साली यादवी युद्ध पेटलं. गॅलिसिया फ्रँकोच्या ताब्यात गेलं. कास्तेलाओ तेव्हा माद्रिदला होता म्हणून वाचला. त्याचा जवळचा सहकारी बोवेदा याला मात्र गोळ्या घातल्या. १९३७ च्या त्याच्या एका चित्रात मास्तर मरून पडलेत आणि दोन मुलं शेजारी रडतायत. परदेशात राहून १९४५ मध्ये त्यानं हेच चित्र तैलरंगात केलं. ते गॅलिसियात पहिल्यांदा पोचलं २०१८ मध्ये!

तो स्वतः १९५० मध्ये ब्वेनोस आयर्सला वारला. १९८४ मध्ये त्याच्या अस्थी मायदेशी आणल्या.

पॅशनसाठी सगळं सोडा, असं आपल्याला सारखं ऐकवतात. मला हा माणूस जास्त पटतो. त्यानं ऑफिस सांभाळलं आणि चित्रंही काढली, तीसुद्धा अधू डोळ्यांनी. आपल्याकडे तर सबमिशन संपल्यावर संध्याकाळ उरतेच ना?