देवी, गोवर आणि रय शहराचे हकीम

देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरच्या फोडातली लस मग पुढे देशभर गेली. ही लस मुंबईला आली कुठून, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ती व्हिएन्नाहून निघाली, इस्तंबूलमार्गे बगदादला पोचली, तिथून बसऱ्याला आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई बंदरात. ज्या बगदादमधून ती आली, त्याच बगदादच्या दवाखान्यात नऊशे वर्षे आधी एक हकीम बसत होते. देवी आणि गोवर यांची लक्षणे शेजारी शेजारी मांडून दोन्ही कसे ओळखावे हे सांगणारी पहिली स्वतंत्र पुस्तिका त्यांनी लिहिली. त्यांचे नाव अबू बक्र मुहम्मद इब्न झकरिया अर्-राझी.

राझी म्हणजे रय गावचे. सोलापूरचा तो सोलापूरकर, तसे. रय हे जुने शहर आजच्या तेहरानला लागून आहे. भारतावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-बिरूनीने राझींच्या पुस्तकांची यादी केली, तीत त्यांचा जन्म हिजरी २५१ च्या आणि मृत्यू हिजरी ३१३ च्या शाबान महिन्यातला दिला आहे. इसवी सनात मोजले तर ८६५ ते ९२५. शाबान संपला की रमजान लागतो. म्हणजे या हकिमांची जयंती आणि पुण्यतिथी दोन्ही रोजांच्या तोंडावर येतात. बिरूनीच्या यादीत एकशे ऐंशीच्या वर नावे आहेत आणि त्यांतली बरीच वैद्यकाची.

राझी वैद्यकाकडे उशिरा वळले. तरुणपणी ते ऊद वाजवीत, किमयेच्या भट्ट्या लावीत. मग बगदादला शिकले, रयच्या आणि नंतर बगदादच्या बीमारिस्तानचे प्रमुख झाले. बीमारिस्तान म्हणजे आजाऱ्यांची जागा. बगदादबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. नवे रुग्णालय कुठे बांधावे असे राझींना विचारले, तेव्हा त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथले मांस सर्वांत उशिरा नासले ती जागा निवडली. गोष्ट सुंदर आहे, पण ज्या रुग्णालयाच्या नावावर ती सांगतात ते अजुदुद्दौलाचे रुग्णालय राझींच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने उघडले. तेराव्या शतकात वैद्यांची चरित्रे लिहिणाऱ्या इब्न अबी उसैबिआनेच ही चूक दाखवून दिली होती. लोक अजूनही सांगतात. जिथे हवा खराब तिथे रोग, ही समज मात्र त्या काळी खरीच होती.

त्यांच्या बैठकीचे वर्णन रयच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून इब्न अन्-नदीमच्या ग्रंथात उतरले आहे. डोके मोठे, भोवती शिष्यांची गोल रांग, त्यामागे शिष्यांच्या शिष्यांची, त्यामागे आणखी एक. रोगी आला की आधी सर्वांत बाहेरच्या रांगेला दुखणे सांगायचा. त्यांना उमगले नाही तर पुढची रांग, आणि कुणालाच कळले नाही तर राझी स्वतः. आजच्या मोठ्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टर आधी विचारपूस करतात आणि मोठे डॉक्टर शेवटी येतात, तसेच हे. गरिबांशी ते मायेने वागत, त्यांच्या शुश्रूषेची सोय करीत, पदरचे पैसेही देत. ज्याच्याजवळ वैद्य नाही त्याच्यासाठी म्हणून त्यांनी एक पुस्तक लिहिले. ते गरिबांचे वैद्यक या नावाने ओळखले गेले. घरात, बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी काय करता येईल ते त्यात आहे. अन्नाने भागत असेल तर औषध नको आणि साध्या औषधाने भागत असेल तर मिश्रण नको, असा त्यांचा नेम होता. काढे विकून पोट भरणाऱ्यांना तो आवडला नसणार.

आता त्या देवी-गोवराच्या पुस्तिकेकडे. चौदा लहान प्रकरणे. अरबीत देवीला जुदरी आणि गोवराला हसबा म्हणतात. त्या काळी वैद्यकात ग्रीक जालिनूसचा, म्हणजे गॅलेनचा शब्द अखेरचा मानीत. जालिनूसने देवीबद्दल नीट काही लिहिलेच नाही, हे राझींना विचित्र वाटले. त्यांनी त्याची पुस्तके धुंडाळली, ग्रीक आणि सिरियाक जाणणाऱ्यांना विचारले, समाधान होईना. मग स्वतः खाटेशेजारी बसून जे पाहिले ते लिहिले.

देवी येण्याआधी सलग ताप असतो, पाठ दुखते, नाक खाजते, झोपेत मूल दचकते. अंग टोचल्यासारखे होते, चेहरा आणि डोळे लाल होतात, घसा आणि छाती दुखते. गोवरात पाठदुखी कमी. उलट घालमेल, मळमळ आणि अस्वस्थपणा जास्त. फोड मोठे, पांढरे, सुटे सुटे आणि थोडे असतील तर रोगी बहुधा वाचतो. एकमेकांत मिसळून सपाट पसरले, हिरवट, जांभळे किंवा काळे पडले तर धोका. गोवराचा लाल रंग गडद होऊन जांभळट झाला तर तोही वाईट. पुरळ उठून एकदम आत गेले आणि रोगी बेचैन झाला तर जवळच्यांना सावध करावे. अकराशे वर्षांपूर्वी, ना दुर्बीण ना तापमापक, केवळ डोळे आणि बोटे यांच्या जोरावर हे लिहिले आहे. देवीचे रोगी पाहिलेल्या डॉक्टरांनाही यातले बरेचसे पटले असते.

कारण मात्र त्यांनी चुकीचे दिले. युनानी विचाराप्रमाणे शरीरात चार रस: रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. लहान मुलाचे रक्त ताज्या द्राक्षरसासारखे असते, ते आंबून उकळते, त्या उकळीचा निचरा कातडीतून होतो तो म्हणजे देवी, असे त्यांनी मांडले. म्हणूनच जवळजवळ प्रत्येक मुलाला ती येते. म्हाताऱ्यांचे रक्त जुन्या रसासारखे निवलेले, म्हणून त्यांना क्वचित. रक्तात पित्त जास्त असेल तर गोवर. पाहिलेले सगळे या कल्पनेत बसत होते. बालपणी एकदा आली की पुन्हा येत नाही, हेसुद्धा. फक्त एक गोष्ट तीत बसत नव्हती, की रोग्याच्या श्वासातून आणि खपल्यांतून तो दुसऱ्याला जातो. एका घरातली चार मुले आठवड्याच्या अंतराने आजारी पडताना राझींनी पाहिली असतीलच. पण पुस्तिकेत संसर्गाचा विचार नाही. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही पैगंबरांची शिकवण तेव्हाही सर्वांना माहीत होती. हकिमांच्या सिद्धांतात मात्र तिला जागा मिळाली नाही.

प्रतिबंधासाठी ते थंड पाणी, डाळिंबाचा रस, सिरक्यात शिजवलेली मसूर, आंबट पथ्य सांगतात आणि रोग दिसण्याआधी रक्त काढायला. यातल्या कशानेही देवी टळली नसती. पण रोगी वाचवण्याची त्यांची काळजी पाहण्यासारखी आहे, विशेषतः डोळ्यांची. पुरळ दिसू लागताच डोळ्यांत वारंवार गुलाबजल घालावे, चेहरा दिवसातून अनेकदा गार पाण्याने धुवावा, सुरमा लावावा. देवीत जीव वाचला तरी डोळे जात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या एका नोंदीत अब्दुल्ला इब्न सवादा नावाचा रोगी आहे. त्याला अधूनमधून थंडी वाजून ताप यायचा, लघवी वारंवार व्हायची. राझींनी दोन शक्यता सांगितल्या: हा ताप चौथ्या दिवसाचा हिवताप होईल, नाहीतर मूत्रपिंडात गळू आहे. थोड्याच दिवसांत लघवीतून पू आला. आता ताप येणार नाही असे त्यांनी सांगितले आणि तसेच झाले. लघवी स्वच्छ होईपर्यंत औषधे दिली, नंतर जखम भरण्याची; दोनेक महिन्यांत माणूस बरा झाला. वैद्याने स्वतःची पाठ थोपटावी अशी ही केस. पण राझी तिथे लिहितात की आपल्याला आधीच नक्की सांगता आले नाही, कारण उभे राहिल्यावर कमरेत ओझे लटकल्यासारखे वाटते का, हे विचारायचेच राहून गेले. आपली चूक शिष्य वाचतील अशा ठिकाणी लिहून ठेवणारे वैद्य तेव्हाही थोडे होते.

मेंदूच्या आवरणाला सूज येते त्या रोगाला ते सरसाम म्हणत. डोके आणि मान जड होऊन चार-पाच दिवस दुखत राहणे, उजेड सहन न होणे, डोळ्यांतून पाणी, झोप नाही, प्रचंड थकवा: अशी लक्षणे दिसली की सरसाम येणार. अशा काही रोग्यांचे त्यांनी रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, फरक पाहावा म्हणून. ज्यांचे काढले नाही त्यांना सरसाम झाला असे त्यांनी नोंदवले. निष्कर्ष आज टिकत नाही, रक्त काढून ही सूज टळत नाही. दोन गट करून तुलना करायची पद्धत मात्र टिकली. तरी ज्यांना उपचाराविना ठेवले त्यांच्या घरच्यांना हे सांगितले होते का, हा प्रश्न ती नोंद वाचताना मनात येतोच.

गुलाब फुलले की अबू झैद अल्-बल्खी या विद्वानाचे नाक वाहायचे आणि डोके जड व्हायचे. त्यावरही राझींनी एक टिपण लिहिले. उपाय साधा: वसंतात गुलाब हुंगायचे बंद करा.

धर्माच्या बाबतीत त्यांची गाठ सुटत नाही. पैगंबरांची गरज नाकारल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. तो त्यांच्याच गावच्या अबू हातिम अर्-राझी या इस्माईली विद्वानाने वादाचा वृत्तांत लिहून मांडला. राझींचे त्या विषयावरचे म्हणणे आज बहुतेक विरोधकांच्या लेखणीतूनच कळते, तेव्हा ते किती नेमके उतरले हा वाद चालू आहे. बिरूनीलाही त्यांची धर्मावरची मते मुळीच पटली नव्हती. तरी त्याने कष्टाने यादी केली. मुसलमान हकिमांनी त्यांचे वैद्यक शतकानुशतके शिकवले, ज्यू भाषांतरकाराने ते लॅटिनमध्ये नेले, ख्रिस्ती विद्यापीठांनी ते अभ्यासाला लावले. आणि राझींनी स्वतः आपल्या टिपणांत चरक आणि सुश्रुत यांची नावे घेऊन मते उतरवली. बगदादमध्ये त्यांची भाषांतरे आधीच झाली होती.

एका आत्मपर लेखात त्यांनी आपला हिशेब दिला आहे: तावीजावर लिहितात तशा बारीक अक्षरात एका वर्षात वीस हजारांहून जास्त पाने, मोठ्या संग्रहासाठी पंधरा वर्षे रात्रंदिवस. त्यात नजर गेली, हाताचे स्नायू दुबळे झाले. पुढे वाचायला आणि लिहायला दुसऱ्याची मदत घ्यावी लागली. शेवटी डोळे पूर्ण गेले. सतत बाकला शेंगा खाल्ल्याने गेले असे लोक म्हणत, भट्टीच्या धुराने गेले असेही म्हणत. मोतीबिंदू काढायला आलेल्या वैद्याला त्यांनी डोळ्याला पडदे किती असे विचारले, त्याला सांगता आले नाही आणि राझींनी त्याला परत पाठवले, अशी कथा आहे. दुसऱ्या कथेत ते जग पुरेसे पाहून झाले म्हणून नकार देतात. हजारो मुलांच्या डोळ्यांत गुलाबजल घालायला सांगणाऱ्या माणसाचे असे व्हावे.

देवी गेली. भारतात शेवटचे रोगी १९७५ मध्ये सापडले आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने ती जगातून संपल्याचे जाहीर केले. गोवर गेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत, भिवंडीत, मालेगावात साथ पसरली आणि मुले दगावली. त्यांतली बरीच लस न घेतलेली किंवा एकच डोस झालेली होती. गोवर हवेतून पसरतो, पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून. अंगावर काही दिसेपर्यंत मूल शेजाऱ्यांकडे खेळून आलेले असते. न्यूमोनिया, मेंदूला सूज आणि डोळे जाणे हे त्यातले धोके. म्हणून आजारी मुलाला अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. लस नवव्या महिन्यात एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत पुन्हा, सरकारी दवाखान्यात फुकट. दुसरा डोस चुकतो तो बहुधा विसरल्यामुळे, गाव बदलल्यामुळे, नाहीतर पहिल्या डोसाला ताप आला म्हणून.

राझी वारले तेव्हा तो मोठा संग्रह पूर्ण नव्हता. रोग्यांच्या नोंदी, जुन्या वैद्यांचे उतारे, स्वतःचे शेरे, सगळे सुटे कागद त्यांच्या बहिणीकडे राहिले. इब्न अल्-अमीद या वजिराने तिला मोठी रक्कम देऊन ते घेतले आणि राझींच्या शिष्यांना बसवून लावून घेतले. तोच अल्-हावी. १२७९ मध्ये सिसिलीच्या फरज इब्न सालिमने त्याचे लॅटिन भाषांतर केले, १४८६ मध्ये ते इटलीत छापले गेले. मूळ अरबी मात्र छापायची राहिली होती. ती १९५५ पासून हैदराबादच्या दायरतुल मआरिफने एकेक करून २३ खंडांत छापली.