झाम्यातिन : जहाजे बांधणारा कादंबरीकार

विज्ञानाच्या आधाराने भविष्य रंगवणारी कादंबरी म्हटली की आपल्याकडील वाचकाला व्हर्न आठवतो, वेल्स आठवतो. आणि त्या भविष्याची धास्ती घालणारी म्हटली की ऑर्वेलची ‘१९८४’. येवगेनी झाम्यातिनचे नाव सहसा निघत नाही. ऑर्वेलने त्याच्या कादंबरीवर १९४६ साली परीक्षण लिहिले होते आणि त्याची स्वतःची कादंबरी त्यानंतर तीन वर्षांनी आली. मी संगीतशिक्षक, यंत्रशास्त्रात मला गती नाही. तरी या जातीच्या पुस्तकांत मला सर्वांत जवळची वाटते ती झाम्यातिनचीच.

त्याचा जन्म १८८४ चा, मध्य रशियातील लेब्येद्यान या लहानशा गावचा. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक. आई पियानो उत्तम वाजवी. पोराचे बाळपण त्या पियानोखाली बसण्यात गेले. शाळेत निबंधाला पहिले गुण मिळत आणि गणित जड जाई. म्हणून केवळ हट्टाने त्याने गणिताचीच वाट धरली आणि सेंट पीटर्सबर्गला नौकाबांधणी शिकू लागला. शाळेत मिळालेले सुवर्णपदक तेथे गहाण पडले ते कधी सुटले नाही! १९०५ च्या धामधुमीत तो बोल्शेविकांच्या बाजूला होता. त्यापायी एकांतकोठडी आणि हद्दपारी वाट्याला आली. मधल्या काळात पदवी पदरात पडली, कथा छापून येऊ लागल्या, आणि १९१४ साली एका कथेने लष्कराचा अपमान झाला म्हणून मासिकाचा अंक जप्त होऊन खटलाही झाला.

१९१६ साली रशियन सरकारसाठी बर्फ फोडणाऱ्या आगबोटी बांधून घ्यायला तो इंग्लंडात, न्यूकॅसलला गेला. हे दीड वर्ष मला फार महत्त्वाचे वाटते. त्या वास्तव्यातून ‘द्वीपवासी’ अशा अर्थाच्या नावाची एक दीर्घकथा निघाली. तीत एक पाद्री आहे. जेवण, पश्चात्ताप, दानधर्म या सर्वांचे त्याने वेळापत्रक केले आहे आणि तेच साऱ्या जगाला लावावे असा त्याचा ध्यास आहे. झाम्यातिनची पुढची मोठी कादंबरी म्हणजे सोव्हिएत राजवटीवरचा राग, असे पुष्कळ जण सांगतात. तो राग तीत आहेच. पण तिचे बीज या इंग्रज पाद्र्याच्या टिपणवहीत आहे. कादंबरीतील राज्यात थोर पुरुष मानला जातो तोही कोणी क्रांतिकारक नव्हे, तर कारखान्यातील मजुराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा अमेरिकन टेलर!

१९१७ च्या शरदात तो मायदेशी परतला आणि १९२०-२१ मध्ये त्याने ही कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘आम्ही’. मौज अशी की त्या रशियन शब्दाचा उच्चार आपल्या ‘मी’च्या अगदी जवळ जातो. आपल्या भाषेला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद ठाऊक आहे, म्हणून मराठीत ते नाव ‘आम्ही’च हवे, ‘आपण’ नव्हे. या राज्यात घरे काचेची, माणसांना नावाऐवजी आकडे. ठरल्या क्षणी सारे उठतात, प्रत्येक घास पन्नास वेळा चावतात, चौघाचौघांच्या रांगेने फिरतात. दिवसाकाठी दोन तास तेवढे मोकळे. निवेदक डी-५०३ हा अवकाशयान बांधणारा गणिती. या शिस्तीवर त्याचे मनापासून प्रेम आहे.

तेथे संगीताचेही यंत्र आहे. मूठ फिरवली की तासाला तीन रचना तयार! (आज सांगाल तशी चाल क्षणात करून देणारी यंत्रे आली आहेत, त्यांच्यापुढे तासाला तीन म्हणजे ठाय लयच.) जुन्या लोकांचे संगीत किती वेडगळ होते हे दाखवण्यासाठी एक बाई व्यासपीठावर पियानोवर स्क्रियाबिनची रचना वाजवते. सभागृह हसते. डी-५०३ ला मात्र हसू येत नाही. आतून काहीतरी पोळते, आणि तेथून त्याचा हिशेब चुकू लागतो.

हा प्रसंग निव्वळ यंत्रद्वेष्ट्याला साधला नसता. मोजण्याचा आनंद झाम्यातिनला आतून ठाऊक होता. आपल्या तालालाही मात्रा मोजूनच मिळतात. माझे वडील दरबारी गवई. हजेरी, पोशाख, पगारपत्रक सारे त्यांनी निमूट पाळले. परंतु ख्यालाची लय कोणती धरायची हे कधी कोणाला ठरवू दिले नाही. डी-५०३ जवळ तेवढीही जागा उरलेली नाही. शेवटी शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात आणि त्याच बाईचा छळ तो शांतपणे पाहत बसतो. ऑर्वेलचा शेवट भिववतो. हा मला अधिक बोचतो, कारण येथे दुःख करणाराच नाहीसा झालेला आहे.

पुस्तक रशियात छापू दिले गेले नाही. १९२२ साली त्याला अटक झाली तेव्हा तो पुन्हा त्याच तुरुंगाच्या त्याच ओळीत पोचला, जेथे झारच्या पोलिसांनी त्याला ठेवले होते. कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९२४ साली न्यूयॉर्कला निघाले. मधल्या काळात ‘पिसू’ हे त्याचे नाटक गाजले आणि शोस्ताकोविचच्या ‘नाक’ या संगीतिकेच्या संहितेलाही त्याचा हात लागला. परंतु कादंबरीचे उतारे १९२७ साली प्रागमधील रशियन नियतकालिकात आले आणि त्यावरून १९२९ मध्ये त्याच्यावर गहजब उठला. ग्रंथालयांतून पुस्तके काढली गेली, नाटके बंद पडली. तो लेखकसंघातून स्वतःच बाहेर पडला.

जून १९३१ मध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिले. लेखकाला लिहू न देणे ही मृत्युदंडाचीच शिक्षा होय, तेव्हा ती बदलून मला परदेशी जाऊ द्या, असा त्याचा आशय. दरबार सोडू पाहणाऱ्या कलावंताचा हा अर्ज. पण त्यात क्षमायाचना नाही आणि पुढे धन्याच्या मर्जीप्रमाणे गाईन असे वचनही नाही. असे पत्र लिहून पुढे जिवंत राहणे त्या काळी सोपे नव्हते. गॉर्कीने शब्द टाकला आणि नोव्हेंबरात परवानगी मिळून तो पत्नीसह निघाला.

पॅरिसात दिवस ओढगस्तीचे गेले. तेथील निर्वासितांत तो फारसा मिसळला नाही, सोव्हिएत पारपत्रही त्याने टाकले नाही. गॉर्कीच्याच नाटकावरून रन्वारने केलेल्या बोलपटाची पटकथा लिहिण्यात त्याने भाग घेतला. १० मार्च १९३७ रोजी हृदयविकाराने तो वारला. अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती. त्याने न्यूकॅसलला ज्यांच्यावर काम केले त्या आगबोटी तेव्हाही उत्तरेकडील समुद्रांत बर्फ फोडीत होत्या. त्यांतल्या ‘क्रासिन’ने १९२८ साली नोबिलेच्या कोसळलेल्या वायुनौकेतील माणसे वाचवली होती. ‘आम्ही’ ही कादंबरी त्याच्या देशात छापली गेली ती १९८८ साली.