कलामहर्षि बाबूराव पेंटर

कोल्हापूर नगरी जशी मल्लांची, तशीच कलावंतांची म्हणून विख्यात आहे. या नगरींत ता. ३ जून १८९० रोजीं बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म झाला. पित्याची कारागिरी पाहतां पाहतां त्यांचा हात घडला. पुढें आनंदराव या आप्तासमवेत ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवूं लागले, आणि मिस्त्री हें आडनांव मागें पडून ‘पेंटर’ हेंच नांव सर्वतोमुखीं झालें.

१९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला व या उभयतांसही चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ मध्यें आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनीं धीर सोडिला नाहीं. विष्णुपंत दामले या शिष्याच्या साह्यानें त्यांनीं स्वतःच कॅमेरा तयार केला, आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ स्थापून १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा पहिला चित्रपट प्रदर्शित केला.

तो काळ मूकपटांचा. काय घडलें हें मधल्या पाटीवरील चार अक्षरें सांगत. परंतु पात्राच्या अंतःकरणांत काय चाललें आहे, हें स्थळ, वेष, वस्तु व प्रकाश यांनींच सांगावयाचें. रंगविलेल्या पडद्याची उणीव या पडदे रंगविणाऱ्यानेंच ओळखिली. चित्रांतल्या खांबाची सावली पात्राच्या अंगावर पडत नाहीं. माणूस चित्रापुढें उभा दिसतो, घरांत वावरतांना दिसत नाहीं. म्हणून बाबूरावांनीं भरीव देखावे उभारिले, व प्रसंगांचीं आणि वेषांचीं रेखाटनें आधीं काढून मग चित्रीकरण करण्याची शिस्त घातली. ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटांत त्यांनीं रात्रीच्या प्रसंगांसाठीं कृत्रिम प्रकाश योजिला.

‘सैरंध्री’मधील कीचकवध इतका हुबेहूब होता कीं, प्रेक्षक भयभीत झाले व पुढें तें दृश्य गाळावें लागलें. परंतु हुबेहूबपणा ही कलेची केवळ पहिली पायरी होय. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्यें ते तिच्या फार वर गेले. कर्जापायीं जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. तींत एक अंधारी, उदास झोपडी आणि रडणारें कुत्रें एवढेंच दाखवून त्यांनीं त्या कुटुंबाचें सारें दैन्य प्रकट केलें. तेथें रक्त नाहीं, आक्रोश नाहीं; तरी कीचकवधानें डोळे दिपले, तर या झोपडीनें मन हेलावलें. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे यांनीं केली होती.

१९२९ सालीं दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम या सहकाऱ्यांनीं निराळी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढिली. पुढें बोलपट आले. १९३६ मध्यें बाबूरावांनीं ‘सावकारी पाश’ पुन्हां बोलपटरूपानें काढिला. ता. १६ जानेवारी १९५४ रोजीं ते दिवंगत झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. परंतु त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या दामले व फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आजही पाहावयास मिळतो. विद्यार्थिमित्रहो, तो पाहतांना क्षणभर कान मिटून केवळ घर, वस्तु व छायाप्रकाश यांकडे पाहावें. गुरूची विद्या शिष्यांच्या हातीं कशी उतरली, हें आपोआप दिसेल.